साहेबांचा अंगठा

बँकेनं मोबाइलवरून मंजुरी द्यायची सोय आणली, तेव्हा मोठे साहेब खो खो हसले होते. "शाळेत मार खाऊन सही शिकलो, आणि म्हातारपणी बँकेनं अंगठाबहाद्दर करून टाकलं," असं म्हणत त्यांनी डाव्या हाताचा अंगठा फोनवर पुन्हा पुन्हा दाबून नोंदवून घेतला. साहेब डावखुरे होते. पुढं वर्षभरात त्यांना झटका आला, त्यात उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा हात तेवढा राहिला. धाकटे साहेब दवाखान्याच्या जिन्यातच म्हणाले, "कंपनीचं नशीब चांगलं." सख्ख्या भावाबद्दल माणूस दुसरं काय काय बोलू शकला असता, पण नाही. पहिलं तोंडातून आलं ते हे.

कंपनी रबराची सीलं आणि वॉशर बनवायची. पंपात, नळात, इंजिनात, जिथं म्हणून गळू शकतं तिथं यांचा माल. पैशांचं सगळं मॅनेजरबाई बघायच्या. मोठ्या साहेबांनी त्यांना साध्या क्लार्कपासून वर आणलं होतं आणि हे नावही त्यांनीच पाडलं होतं. मोठ्या रकमांची पद्धत ठरलेली होती. बाईंनी रक्कम ॲपमध्ये भरायची, मग दोघा भावांनी आपापल्या फोनवरून मंजूर करायची. दोघांपैकी एकाचा अंगठा नसेल, तर पैसा जागचा हलणार नाही. ही अट मोठ्या साहेबांनीच हट्टानं घालून घेतली होती, कारण आपला भाऊ त्यांना लहानपणापासून माहीत होता.

साहेब घरी आले त्याच आठवड्यात पगार होते. खरं तर बँकेला कळवायला हवं होतं, की आमचे एक मालक अंथरुणाला खिळलेत, मंजुरीचा अधिकार बदलून द्या. पण कळवलं की बँक खातं गोठवणार, मग डॉक्टरांचे दाखले, वकील, ठराव, आणि तोवर कामगारांनी काय खायचं? धाकटे साहेब म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची." बाईंना ते वाक्य आवडलं नाही, पण पगार थांबणं तर मुळीच आवडलं नसतं. त्या मोठ्या साहेबांच्या घरी गेल्या, त्यांच्याच फोनवर ॲप उघडलं आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"साहेब, पगार आहे," त्या म्हणाल्या. "या महिन्याचा. सगळ्यांचा. देऊ का?"

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि डावा हात हळूहळू पांघरुणावरून सरकत फोनपाशी आला. अंगठा त्यांनी स्वतः टेकवला. दारात उभ्या असलेल्या वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, पदर तोंडाशी धरून रडायला लागल्या. झटक्यानंतर नवऱ्यानं स्वतःहून केलेलं ते पहिलं काम होतं.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. कच्च्या मालाचं बिल, विजेचं बिल, पगार, काहीही असो, बाई फोन पुढं करण्याआधी साहेबांना सांगायच्या की पैसे कुणाला चाललेत आणि कशासाठी. सांगितल्याशिवाय अंगठा नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाच घातला होता. ॲपमध्ये आणखी एक सोय होती. यादीतल्या हव्या तेवढ्या रकमांवर खूण करायची, की एका अंगठ्यात सगळ्या पार. बाईंनी ती कधी वापरली नाही. क्लार्क असताना त्यांनी एकदा चेकचा गठ्ठा साहेबांपुढं ठेवला होता, तेव्हा साहेबांनी तो उलटा करून परत दिला होता. "एकेक आणा. गठ्ठ्यानं सही करणारा गठ्ठ्यानं बुडतो."

लोकांना हे सगळं वेडेपणाचं वाटायचं. बोलता न येणाऱ्या माणसापुढं विजेचं बिल काय वाचायचं? पण साहेब ऐकायचे. एकदा तर वीजबिलाचा आकडा ऐकून त्यांनी भुवई अशी चढवली, की बाईंनी ऑफिसात येऊन मीटर तपासायला लावलं. वाचणं मात्र त्यांना जमत नव्हतं, अक्षरं डोळ्यांपुढं सांडायची म्हणे. म्हणून वहिनींनी त्यांच्या फोनवर आलेला निरोप मोठ्यानं वाचून दाखवण्याची सोय चालू करून घेतली होती. बँकेचा निरोप आला की फोनमधली बाई सपाट आवाजात सांगायची, इतके गेले, अमक्याला गेले. साहेब डोळे मिटून ऐकायचे. "रेडिओ लागला यांचा," वहिनी म्हणायच्या.

असं वर्ष गेलं. मग धाकट्या साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

मोठ्या साहेबांनी कामगारांच्या निवृत्तीचे पैसे वेगळ्या खात्यात साठवले होते. दरवर्षी नफ्यातून आधी तिकडं टाकायचे, मग घरी न्यायचे. ती सगळी रक्कम धाकट्या साहेबांना आपल्या मुलाच्या नव्या कंपनीत वळवायची होती.

"उसने म्हणून," ते म्हणाले. "मोठी ऑर्डर आहे त्याची. दोन-तीन महिन्यांत परत येतील."

"निवृत्तीचे पैसे आहेत ते, साहेब."

"मला माहीत आहे कसले आहेत ते. तुम्ही भरा. मी मंजूर करतो, आणि दादाचा अंगठा तुम्ही आणा."

बाई तिथून उठून मिक्सिंगच्या खोलीवरून आपल्या जागेकडं निघाल्या. मिक्सिंगचा फोरमन दारातच उभा होता. नखांत, मानेच्या सुरकुत्यांत, कानांमागं, सगळीकडं रबरात मिसळायची काळी पूड. ती आता आंघोळीनंही जात नव्हती. पुढच्या महिन्यात तो निवृत्त होणार होता. "मॅडम, माझं तेवढं वेळेवर निघेल ना?" त्यानं विचारलं. "मुलीकडं राहायला चाललोय. रिकाम्या हातानं गेलो तर जावई काही बोलणार नाही हो, पण माझं मलाच कसंतरी होईल." बाई म्हणाल्या, निघेल.

संध्याकाळी त्या साहेबांच्या पलंगाशी बसल्या आणि नेहमीसारखं सगळं सांगितलं. कुठल्या खात्यातून, कुणाला, कशासाठी. साहेबांचा हात फोनच्या दिशेनं निघाला होता, तो वाटेत थांबला. मग त्यांनी अंगठा आत दुमडला आणि त्यावर चारही बोटं आवळून घेतली. इतकी, की पेरं पांढरी पडली.

वर्षभरात त्यांनी कशाला नाही म्हटलं नव्हतं. बाईंना वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्यांना आतून बरं वाटलं. घरी परतताना रिक्षात त्या एकट्याच हसल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटे साहेब हसले नाहीत. "मूठ उघडायला असा कितीसा जोर लागतो? नर्सला सांगा."

"तो जोर मी लावणार नाही आणि लावूही देणार नाही."

"बरं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले असते तर परवडलं असतं. "मग तुमच्या पद्धतीनं आणा. तुमचं ऐकतो तो. पण एक सांगतो, मॅडम, मी दोन्ही एकत्रच सोडणार. हे झाल्याशिवाय पगारावर माझं बोट पडणार नाही."

"पगार अडवणार तुम्ही?"

"मी कुठं अडवतोय? दादा अडवतोय."

पगाराची तारीख आली आणि गेली. पहिल्या दिवशी कारखान्यात थट्टा झाली, दुसऱ्या दिवशी कुजबुज, तिसऱ्या दिवशी दोन मशीनं बंद. कँटीनवाल्यानं उधार देणं थांबवलं. पॅकिंगमधली एक पोर बाईंच्या टेबलाशी येऊन नुसती उभी राहिली. काय हवंय विचारलं तर मान हलवून गेली. इकडं आड तिकडं विहीर, आणि काठावर सगळा कारखाना उभा.

बाई बँकेत गेल्या. कंपन्यांची खाती बघणारा अधिकारी तरुण आणि सज्जन होता, साहेबांच्या तब्येतीची नेहमी चौकशी करायचा आणि उत्तर ऐकायच्या आधीच विषय बदलायचा. बाईंनी ताकाला जाऊन भांडं लपवलं. "समजा," त्या म्हणाल्या, "एखाद्या कंपनीत मंजुरी देणारा माणूस आजारी असेल, आणि त्याचा अंगठा त्याच्या मनाविरुद्ध..."

अधिकाऱ्यानं हातातलं पेन खाली ठेवलं आणि काचेचं दार लागलंय ना ते पाहिलं.

"मॅडम, समजा नका म्हणू. आत्ता मला काही माहीत नाही. माहीत झालं तर आज संध्याकाळपर्यंत सगळी खाती गोठवावी लागतील. मग पगार नाही, माल नाही. आणि वर्षभर ते अंगठे कुणी घेतले, हेही विचारतील."

"पण तुमच्या ॲपला कळायला नको का, की माणसाच्या मनात आहे की नाही?"

"अंगठा जुळतो का, एवढंच ते बघतं." त्यानं टेबलावरची बाटली पुढं सरकवली. "पाणी घेता?"

बाईंनी पाणी घेतलं. वर्षभर ते अंगठे कुणी घेतले, हे एकच वाक्य त्यांच्या कानात राहिलं होतं. चांगल्या मनानं केलं, हे कुठल्या रकान्यात भरायचं? आज पगार दिला तर उद्याचा घास जातो, आणि उद्याचा राखला तर आज चूल पेटत नाही. त्यांनी किती प्रकारे मांडून पाहिलं, बाकी तीच राहत होती.

त्या तशाच साहेबांच्या घरी गेल्या. खोलीत औषधांचा आणि ताज्या चादरीचा वास होता. वहिनींनी नुकतंच साहेबांचं अंग पुसून केस विंचरले होते. बाईंनी साहेबांचा फोन उचलला, त्यांच्याकडं पाठ करून खिडकीशी गेल्या आणि यादी उघडली. दोन ओळी होत्या, पगार आणि निवृत्तीनिधी. दोन्हींवर मोठ्या साहेबांचा अंगठा दिसला, की धाकटे साहेब तिकडून दोन्ही एकत्र सोडणार होते, फोन समोर ठेवूनच बसले असणार. बाईंनी पहिल्या ओळीवर खूण केली. मग दुसरीवर केली.

पलंगाशी येऊन बसल्या तेव्हा साहेबांची मूठ वळलेलीच होती. त्या दिवसापासून ती अशीच असते, वहिनी म्हणाल्या, झोपेतसुद्धा.

"साहेब," बाई म्हणाल्या, "पगार आहे."

साहेब त्यांच्याकडं बघत राहिले.

"थांबलाय पगार. लोक अडलेत. पगार आहे, साहेब."

यात एक शब्द खोटा नव्हता. साहेबांनी त्यांच्या चेहऱ्यावर काय शोधलं देव जाणे, पण बोटं एकेक करून सुटली. अंगठा बाहेर आला, त्यावर बोटांच्या नखांचे वळ उमटले होते. त्यांनी तो काचेवर ठेवला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला, लोक अडलेत म्हटल्यावर जणू जोर लावून पैसे लवकर पोचणार होते. मग डावा ओठ किंचित वर गेला. हसत होते ते.

बाई उठल्या. "चहा टाकलाय, बस," वहिनी म्हणाल्या. "बऱ्याच दिवसांनी हसले हे. तू आलीस की माणसांत येतात बघ." बाई बसल्या. कप हातात आला तेव्हाच उशाचा फोन वाजला, आणि तेव्हा त्यांना आठवलं.

"पगाराची रक्कम वर्ग झाली आहे," फोनमधली बाई म्हणाली. साहेबांनी समाधानानं डोळे मिटले.

बाईंनी फोनकडं हात नेला. पण वहिनी मध्येच म्हणाल्या, "असू दे गं, ऐकू दे त्यांना," आणि फोन उचलून साहेबांच्या कानाशी धरला.

"आपल्या कामगार निवृत्तीनिधी खात्यातून संपूर्ण रक्कम वर्ग झाली आहे," आवाज तसाच सपाट होता. मग पुतण्याच्या कंपनीचं नाव, अक्षर न अक्षर. "हा व्यवहार आपण केला नसेल, तर ताबडतोब आम्हाला फोन करून कळवा."

साहेबांनी डोळे उघडले. ते रागावले नाहीत, रडले नाहीत. त्यांचं तोंड उघडलं आणि त्यातून घशातल्या घशात एक आवाज आला, कळवायला निघालेला. तो शब्दापर्यंत पोचला नाही. वहिनी म्हणाल्या, "अहो, पाणी हवंय का?" बाईंनी कप बशीत ठेवायचा प्रयत्न केला आणि चहा त्यांच्या हातावर सांडला. तो पोळत होता, आणि त्यांनी हात हलवला नाही.

पैसे दोन-तीन महिन्यांत परत आले नाहीत. येणार नव्हतेच, हे काही ज्योतिषाला विचारायला नको. निवृत्तीच्या दिवशी फोरमन हिशोबासाठी बाईंच्या टेबलाशी आला, तेव्हा त्यांनी सांगितलं की थोडा वेळ लागेल. "लागू दे," तो म्हणाला. "त्या महिन्याचा पगार तुम्हीच सोडवलात, सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही असल्यावर काळजी नाही." तो वाकून नमस्कार करायला लागला, तर बाई खुर्चीवरून उठून फायलींच्या कपाटामागं गेल्या आणि तो जाईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

पुढच्या पगाराला त्या पुन्हा साहेबांच्या घरी गेल्या. नोकरी सोडायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण दुसरा कुणी आला असता तर त्यानं तेवढंही सांगितलं नसतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. साहेब छताकडं बघत होते. डावा हात पांघरुणावर उताणा पडला होता, पाचही बोटं सुटी.

"साहेब, पगार आहे," बाई म्हणाल्या. "या वेळी फक्त पगार. एकच ओळ आहे. यादी वाचून दाखवू?"

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं, मग आणखी एकदा. शेवटी वहिनी पुढं झाल्या, साहेबांचा हात उचलला आणि अंगठा फोनवर टेकवला. हात कापडासारखा आला आणि सोडला तसा पडला.

"बघ," वहिनी कौतुकानं म्हणाल्या, "आता अजिबात त्रास देत नाहीत. परवा भावजी आले होते, त्यांनाही असाच लगेच दिला."