पैकीच्या पैकी

हिरवी खूण. तिच्यापुढे दहापैकी दहा, आणि खाली एकच शब्द — ‘छान’. पोह्यांच्या डब्याला टेकवलेल्या फोनकडे रिता पाहत राहिली. आनंद व्हायचा तो काही होईना... ‘मातीची ओळख’ हा फुकटचा ऑनलाइन कोर्स तिनं शेजारच्या तृप्ती आणि अंजूच्या सोबतीनं सुरू केला होता. त्या दोघी धानाच्या रोवणीच्या दिवसांत गळाल्या. हिनं मात्र स्लॅबवर चढून, रेंज शोधत, चिकाटीनं शेवट गाठला — आणि शेवटच्या परीक्षेला मास्तरच नव्हता! शिकणाऱ्यांनीच एकमेकांचे पेपर तपासायचे, अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांचे, एकेक पेपर दोघादोघांनी.

आणि मी केवढं लिहिलं होतं! तलावाखालच्या आमच्या बांधीत पाणी का साचतं, तिथला धान पिवळा का पडतो... लग्न होऊन आंधळगावात आल्यापासून जे नुसतं दिसत होतं, त्याचं कारण पहिल्यांदाच सापडल्यासारखं वाटलं होतं. ते बरोबर आहे का, एवढं तरी कुणी सांगायचं. आणि हा बाबा म्हणतो, छान.

“काहून वं, नापास झाली का?” लसूण सोलता सोलता सासूबाईंनी, रत्नाबाईंनी विचारलं.

“नाही जी, पैकीच्या पैकी. पन वाचलंच नाही वाटते त्यानं.”

“मंग तू कशी देऊन राहिली लोकाइले मार्क?”

शेजारणीनं वाटीभर भाजी पाठवली की ती खारट असो की कच्ची, मस्त झाली होती म्हणायचं — गल्लीची रीतच ती — आणि त्याच रीतीनं रितानं काल दोन पेपर तपासले होते. एकानं तर ‘माती आपली आई आहे’ एवढ्यावर पान भरलं होतं. आता आईला नऊ कसे द्यायचे? दिले दहा! तिला खुदकन हसू आलं, आणि हसता हसता लाजही वाटली.

तपासायचा एक पेपर उरला होता. नाव नव्हतं, पण ‘करते, बघते’ वरून लिहिणारी बाईच होती. पाणी कुठं मुरतं ते तिनं नेमकं ओळखलं होतं. काळ्या जमिनीत शेणखत घाला म्हटलं होतं, पण का, ते लिहिलं नव्हतं. रितानं भाजीखालचा गॅस बारीक केला. आठ... नाही, सातच. बोट अडखळलं — वाईट वाटेल हो बिचारीला, तिचं सर्टिफिकेट अडलं तर? — पण मग तिनं लिहायलाच घेतलं, काय आवडलं, काय राहिलं, खताचं कारण काय असावं, आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात का हो, हेही विचारून टाकलं.

“रिता, वास येऊन राहिला!”

“बंद करून राहिली जी!”

गॅस बंद केला आणि पेपर पाठवून दिला. तिचा स्वतःचा पेपर आणखी एकाकडे तपासायला होता, संध्याकाळपर्यंत मुदत होती. तो वाचेल, की तोही मध्येच गळाला असेल... कुणास ठाऊक. पण दहा आता तिला नकोच होते. कुणीतरी आपलं इतकं मन लावून वाचावं, की दोन मार्क कापल्याशिवाय त्याला राहवू नये — या आशेनं तिला चक्क हुरूप आला.