सीटखालची पेटी आणि ताईचा रविवार

मित्रांनो, मला बघून तुम्ही म्हणाल, हा तर साबणाचा डबा. पण मी गाडीचा ठावठिकाणा सांगणारी पेटी आहे. एका लॉन्ड्रीच्या व्हॅनमध्ये सीटखाली पाच वर्षं काढली मी. आता म्हातारी झाले, तरी संशयी स्वभाव काही जात नाही. तो मला त्या नोकरीतच जडला.

माझा जन्म झाला तेव्हा नवा कायदा आला होता. धंद्याच्या प्रत्येक गाडीत माझ्यासारखी पेटी हवीच. पण चालकाच्या सुट्टीच्या वेळी तिने गप्प बसायचं. त्यासाठी मला एक बटण दिलं होतं. ते दाबलं की हिरवा दिवा लागायचा आणि माझं तोंड बंद.

व्हॅन ताई चालवायची. हॉटेलांच्या चादरी आणायच्या, धुऊन पोचवायच्या. रविवारी गाडी तिच्याकडेच राहायची, तसं ठरलंच होतं. एकदा व्हॅन चोरीला गेली आणि माझ्यामुळे तासाभरात सापडली. मालक म्हणाले, "गुणाची आहे हो पेटी." मी हुरळून गेले.

पण त्या दिवसापासून मालकांना माझी चटकच लागली. त्यांनी वायरमनला बोलावलं. त्याने बटणापासून माझ्याकडे येणारी वायर तोडली, दिव्याची तशीच ठेवली.

"दिवा लागेल, पण पेटी बोलत राहील," तो म्हणाला.

"तेच तर हवंय," मालक म्हणाले. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण मला विचारतो कोण!

ताई दर रविवारी बटण दाबायची, हिरवा दिवा बघायची आणि निर्धास्त निघायची, थेट व्यसनमुक्ती केंद्रात. तिचा धाकटा भाऊ तिथे होता. तो पितो हे मालकांना आधीपासून ठाऊक होतं, केंद्राचं मात्र नाही. पहिल्या दिवशी गाडीतच त्याने बजावलं होतं, "कुणाला कळलं तर मी त्याच दिवशी निघून येईन." ताईने शब्द दिला होता. आणि मी मेली त्या हिरव्या दिव्याआडून चुगल्या करत होते. फार लाज वाटायची.

एका सोमवारी ताई चादरींची गाठोडी चढवत होती. मालक सहज म्हणाले, "काय गं, सुटतेय का भावाची दारू?"

ताईचे हात थांबले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कळतं आपलं." इस्त्री करणाऱ्या दोघी माना वळवून बघू लागल्या.

ताईने सीट उचलली. बटणापासून वायर चाचपत गेली आणि तुटकं टोक तिच्या हाताला लागलं.

"गाडी माझी आहे," मालक म्हणाले.

"गाडी तुमची. रविवार माझा." तिने सीट पुन्हा बसवली. "शनिवारी किल्ली इथेच ठेवून जाईन."

मित्रांनो, दिवा हिरवा आहे म्हणून विसंबू नका, वायर तपासा. आणि माझ्यासारखी पेटी तुमच्या ताब्यात आली, तर तिला दुसऱ्याच्या घरात डोकावायला लावू नका.

त्या रविवारी व्हॅन आवारातच उभी राहिली. ताई बसने गेली असेल. भाऊ तिथे टिकला की निघून आला, मला ठाऊक नाही. मला ते कळायलाच नको होतं.