भांड्यांना चालेल

तुमच्या-माझ्या घरात एक फळी असतेच. चेन बिघडलेली पर्स, कान तुटलेला कप, आटलेला स्वेटर, सगळं तिच्यावर जमा होतं. टाकवत नाही आणि वापरवतही नाही, अशा त्या वस्तू. त्या कोणाला द्यायच्या, हे मात्र आपलं आधीच ठरलेलं असतं. रागावू नका, माझ्याही घरात ती फळी होती.

साबणकाकूंच्या घरात ती मोरीच्या वर होती. दुसऱ्या मजल्यावरच्या या काकू घरी साबण करायच्या, म्हणून हे नाव पडलं आणि त्यांनाही ते आवडायचं. काम मोठं निगुतीचं. डोळ्यांना चष्मा, हातात कोपरापर्यंत मोजे, खिडक्या सताड उघड्या. कॉस्टिक सोडा पाण्यात थोडा थोडा सोडायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. तेलं काट्यावर ग्रॅमपर्यंत मोजायची. मग दोन्ही एकत्र करून मिश्रण सायीसारखं दाट होईपर्यंत ढवळायचं, साच्यात ओतायचं आणि वड्या महिनाभर वाळवायच्या. काकूंचा साबण अर्ध्या इमारतीत जायचा आणि कोणाची कधी तक्रार आली नव्हती.

एका घाण्याच्या वेळी मात्र खोबरेल कमी पडलं. सोडा मोजून पाण्यात कालवून झाला होता, खाली उतरून दुकानात जायचा कंटाळा आला. काकूंनी तेवढ्याच वजनाचं सूर्यफुलाचं तेल ओतलं. तेल ते तेल, वजन बरोबर आहे ना, झालं तर मग. पण प्रत्येक तेलाची सोडा पचवायची ताकद वेगळी असते. खोबरेलाला सोडा जास्त लागतो, सूर्यफुलाला बराच कमी. उरलेला सोडा कुठे जाणार? तो साबणातच राहिला.

महिन्याने वाळलेल्या वड्या हातात घेतल्या तेव्हा त्या ठिसूळ निघाल्या आणि वर पांढरी पूड दिसली. काकूंनी वडीला ओलं बोट लावून ते जिभेच्या टोकाला टेकवलं. विजेचा झटका बसावा तशी जीभ झोंबली. त्यांनी तीनदा चूळ भरली. मग त्या वीस वड्यांकडे बघत बसल्या. दोन दिवसांची मेहनत होती, फेकवेना. अंगाला नको, शेजाऱ्यांना तर नकोच, नाव खराब व्हायचं.

"भांड्यांना चालेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि वड्या मोरीवरच्या फळीवर ठेवल्या.

भांडी काकू घासत नसत. भांडी मावशी घासायच्या. सकाळी चार घरची भांडी आणि दुपारी शिंप्याकडचं हातकाम, हुक लावणं, काजं करणं, फ्रॉकांना तुरपाई. शिंपी म्हणायचा की मावशींचा टाका उलट बाजूनेही दिसत नाही. हे सांगताना मावशी जरा ताठ बसायच्या. भांडी पोटासाठी होती, शिवण त्यांच्या अभिमानाची.

तिसऱ्याच दिवशी मावशी म्हणाल्या, "काकू, हा साबण जरा झोंबतोय हो."

"नवीन आहे ना, सवय होईल."

पुढच्या आठवड्यात त्यांनी बोटं दाखवली. "बघा ना, सालं निघतायत."

"थंडीचे दिवस आहेत मावशी, सगळ्यांचीच निघतात. तेल लावत जा."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, तेव्हा काकू फोनवर होत्या. त्यांनी हातानेच 'नंतर' अशी खूण केली. त्यानंतर मावशींनी विषय काढला नाही. बोटांना चिंध्या बांधून त्या गुपचूप घासत राहिल्या.

त्याच सुमारास काकूंच्या वन्सं चार दिवस राहायला आल्या. तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होत्या त्या, आवाज कधी चढला नाही पण नजरेतून काही सुटलं नाही. मावशींनी चहाचा कप पुढे केला, तेव्हा वन्संनी कप बाजूला ठेवून हातच धरला आणि चिंधी सोडली. बोटांची पेरं उकलली होती, दोन ठिकाणी मांस दिसत होतं.

"कधीपासून?"

"होतील की तीन आठवडे." मावशी हसायला गेल्या, पण त्यांना हसू आलं नाही. "हाताचं काही नाही हो ताई. काल शिंप्याने काम परत घेतलं. पांढऱ्या फ्रॉकांना रक्ताचे डाग पडले. म्हणाला, हात बरे होईस्तोवर येऊ नका. दुसरी बाई बघतोय तो."

मावशी भांडी न घासताच गेल्या, वन्संनीच पाठवलं. मग वन्सं मोरीत गेल्या, फळीवरची एक वडी आणली आणि काकूंच्या पुढे ठेवली.

"हात धू याने."

काकू हसल्या. "काहीतरीच काय वन्सं. तो भांड्यांचा आहे."

"भांडी काय आपापली धुतली जातात? हात लागतातच की. धू ना."

काकू नळापाशी गेल्या. नळ सोडला. वडी समोर होती आणि हात काही पुढे होईना. पाणी वाहत राहिलं.

"मला माहीत होतं," काकू अखेर हळूच म्हणाल्या. "तेल बदललं होतं. जीभ लावून पाहिलं तर भाजली, तीनदा चूळ भरली. मावशींनीही तीनदा सांगितलं होतं."

"तेच म्हणतेय मी." वन्संनी नळ बंद केला. "तेल चुकलं, ती चूक. कोणाचीही होते. वॉर्डात आमच्याही व्हायच्या. पण तुझी जीभ एकदा भाजली, तर तू तीनदा चूळ भरलीस. तिने तीनदा सांगितलं, तर तुला ऐकूही आलं नाही. आपल्याला नको ते दुसऱ्याच्या हातात ठेवायचं आणि वर म्हणायचं, दिलं. याला देणं म्हणत नाहीत गं. आपला कचरा दुसऱ्याच्या अंगावर टाकणं झालं हे."

काकू रडल्या. पण नुसतं रडून मावशींची बोटं भरणार नव्हती, हे त्यांनाही कळत होतं. वन्संना बरोबर घेऊन त्या मावशींच्या घरी गेल्या आणि डॉक्टरकडे नेऊन आणलं. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच शिंप्याच्या दुकानात उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकं होती. चौघांसमोर त्यांनी सांगितलं, "मावशींच्या हातात काही दोष नाही. माझ्या साबणाने भाजले ते. मला ठाऊक असून मी दिला. त्यांची जागा कोणाला देऊ नका." शिंप्याने चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं. "दोन महिने थांबतो," तो म्हणाला.

मावशींची बोटं भरेपर्यंत काकूंनी स्वतः भांडी घासली. चार घरची नव्हे, स्वतःचीच. तेवढ्यानेही कंबर दुखायची. मावशींचा पगार नेहमीच्या तारखेला पोचत होता.

मावशी परत आल्या त्या दिवशी काकूंनी बोलायचं बरंच ठरवलं होतं. प्रत्यक्षात एवढंच निघालं, "तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

"हं," मावशी म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि का म्हणावं त्यांनी? त्या मोरीत गेल्या. वरची फळी रिकामी होती. नळाशेजारी एक नवी वडी ठेवलेली होती, पण कोरी नव्हती, अर्धी झिजलेली होती. मावशींनी भुवया उंचावल्या. उष्टा साबण?

"आठ दिवस मी तोंड धुतलंय त्याने," काकू म्हणाल्या. "आता प्रत्येक घाण्याची पहिली वडी मी वापरणार. मग तुम्ही, मग शेजारी."

मावशींनी वडी हातात घेतली, वास घेतला, बोटांवर फिरवली. थोडा वेळ थांबल्या.

"नाही झोंबत," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

तुमच्याही घरातल्या त्या फळीवरून आज एकदा हात फिरवा. जी वस्तू स्वतःच्या अंगाला लावायला आपला हात पुढे होत नाही, ती दुसऱ्याच्या हातात ठेवायची नाही. आणि कोणी म्हणालं की झोंबतंय, तर पहिल्याच वेळी ऐकायचं.