साठ मीटर पश्चिमेस

सलाउद्दीनने पाला माशाचा शेवटचा काटा ताटाच्या कडेला ठेवला, बोटं चाटली आणि आपली मुलगी आफताबला दिली.

असं काही झालं नाही. त्या टेबलावरच्या कुणालाही विचारा, झालं नाही असंच सांगतील. तेव्हा आपणही ते झालं नाही असं धरू आणि मासा अख्खा होता तिथून सुरुवात करू.

मासा अख्खा होता आणि टेबल किंचित डुलत होतं. उकाई धरणाच्या फुगवट्यावर, नवापूरपासून अर्ध्या तासावर, उमाकांतने बावीस निळ्या पिंपांवर फळ्या ठोकून चार टेबलं मांडली होती. काठावरच्या बाभळीला पाटी होती : ‘समुद्रराज – तरंगतं सी-फूड’. समुद्र तिथून सव्वाशे किलोमीटर. फळ्यांखाली कटला-रोहू निवांत पोहत आणि वर गिऱ्हाईक सुरतेहून बर्फात, रेल्वेने आलेला मासा खाई. यात काही चमत्कारिक आहे असं उमाकांतला कधी वाटलं नव्हतं.

जागा आफताबने निवडली होती. सलाउद्दीन कोंबड्यांचा व्यापारी. ज्याच्या घरी जाई तिथे लोक कौतुकाने कोंबडी करत आणि पहिल्या घासालाच तो तिचं जिवंतपणीचं वजन सांगे. अशा माणसाकडे मुलगी मागायची तर कोंबडीपासून लांब, पाण्यावरच बरं.

मासा मात्र सलाउद्दीनने निवडला. त्याच्या घरची रीतच होती. जावई पारखायचा तर त्याला पाला खाऊ घालायचा. पाल्यात केसासारखे काटे. घायकुता ठसकतो, भित्रा उपाशी उठतो आणि लबाड म्हणतो, पोट भरलं. त्याच्या मुलीची, कहकशाँची, आधीची दोन स्थळं या माशानेच मोडली होती. त्यातलं दुसरं अजून बसक्या आवाजात बोलतं, असं ऐकिवात होतं.

“हळू खाय,” सलाउद्दीन म्हणाला. “माले घाई नही.”

आफताब इन्व्हर्टर दुरुस्त करायचा. बारीक तारा वेगळ्या करायची बोटांना सवय होती. त्याने एक काटा काढला, दुसरा काढला. सलाउद्दीनची नजर त्याच्या बोटांवर खिळलेली. शेजारी सलाउद्दीनची मोठी बहीण जन्नतबी भाताचे छोटे घास करत पाण्याकडे बघत होती.

काट्यांची आफताबला भीती नव्हती. भीती होती ती लाल डब्याची.

बत्तीस वर्षांपूर्वी या जन्नतबीची जबान, म्हणजे लग्नाचा शब्द, तिच्या अब्बांनी नवापूर स्टेशनवरच्या बाकावर बसून दिली होती. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि बाकही तसंच. अब्बा नेमके गुजरातच्या अर्ध्यात बसले होते. लग्नानंतर चाळीस दिवसांनी जन्नतबी एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली, ती कायमची. सलाउद्दीनने तेव्हाच कसम खाल्ली, गुजरातच्या हद्दीत कोंबडी विकू, पण पोरीची जबान देणार नाही. अजूनही गाडीची वाट बघताना तो बाकाच्या महाराष्ट्राकडच्या टोकाला बसे. तिथे जागा नसली तर गुजरातचं टोक रिकामं असूनही उभा राही.

“बाकी काही विसरलास तरी चालेल,” कहकशाँने फोनवर बजावलं होतं, “हे विसरू नको.”

म्हणून आफताबने उमाकांतला दोनदा विचारलं होतं. उमाकांतने पश्चिमेकडे बोट केलं. “तो लाल डबा दिसस ना? मासेमारेसनी बांधेल शे. त्याना पलीकडे गुजरात. आपण अलीकडे. टेन्शन नको लेवू, भाऊ.”

आणि मग त्याने खास पाहुण्यांना काठावरच्या चिखलाचा वास येऊ नये म्हणून तराफ्याची दोरी सैल सोडली. धरणाचे दरवाजे उघडले होते, पाणी पश्चिमेला ओढत होतं.

आफताबने अकरावा काटा काढला तेव्हा लाल डबा सलाउद्दीनच्या खांद्यामागे होता. सतराव्याला तो कानाशी आला. आफताबने मान वर केली नाही. पारख मोडून ‘चाचा, थांबा’ म्हणावं तर हे मोडणारं तिसरं स्थळ. न म्हणावं तर जबान गुजरातेत. त्याच्या कपाळावर घाम आला.

“तिखट लागनं?” सलाउद्दीनने विचारलं.

“नाही चाचा. बरोबर आहे.”

डबा जन्नतबीच्या बाजूने, हातभर अंतरावरून, शांतपणे मागे गेला. तिने तो येताना पाहिला, जाताना पाहिला. मग तिने आफताबकडे पाहिलं. आफताबने तोंड उघडलं. तिने माशाचा एक मोठा तुकडा त्याच्या ताटात टाकला.

“खाय, बेटा. खाताना बोलू नये. काटा अडकस.”

आफताबने तोंड मिटलं. उरलेले काटे त्याने एकेक करून काढले आणि ताटाच्या कडेला ओळीने मांडले. सलाउद्दीन कितीतरी वेळ ती ओळ बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या ताटातला शेवटचा काटा कडेला ठेवला, बोटं चाटली आणि म्हणाला, “आपा, मी कहकशाँ याले दिधी.”

त्याच्या खिशात फोन वाजला.

सलाउद्दीनने हात पुसले. चष्मा काढला, लावला. मेसेज लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला. गुजरातमध्ये त्याचं स्वागत होतं.

त्याने मान वर करून समोर पाहिलं. काठावरची पाटी वाचता येत नव्हती. लाल डबा आफताबच्या मागे, महाराष्ट्राच्या बाजूला डुलत होता. त्याने कडेला ठेवलेला काटा उचलून पुन्हा ताटाच्या मधोमध ठेवला.

“मी काही बोलनू का?”

“नाही,” आफताब म्हणाला. आवाज बसका निघाला, काटा नसतानाही.

“मी ते भात वाढी ऱ्हायंतू, सेठ,” रिकाम्या हाताने उभा असलेला उमाकांत म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. “पण दोरी महाराष्ट्रानी बाभूळले बांधेल शे. बकरी कोठेबी चरो, खुटा ज्याना त्यानी.”

“बकरीनं ठीक शे. जबाननं काय?”

पाणी पिंपांवर चापट्या मारत होतं. आफताबने ताट किंचित पुढे सारलं. आता उठावं लागणार, हे त्याला कळलं.

“सलाउद्दीन,” जन्नतबी म्हणाली. ती अजून पाण्याकडेच बघत होती. “त्या घरमा मी चाळीस दिवस व्हती. चाळीस दिवसमा हद्द एकदाबी माले माराले उनी नही.”

तराफा दोरी ताणून थांबला होता.

बत्तीस वर्षांत तिने त्या घराबद्दल उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं. सलाउद्दीनने चष्मा काढला आणि कुर्त्याच्या टोकाने पुसला. काच स्वच्छ झाली तरी तो पुसत राहिला.

“उमाकांत,” तो म्हणाला, “कागद शे का?”

उमाकांतने बिलाचं पुस्तक आणलं.

“पोरा, तुन्हं अक्षर कसं शे? लिख. सरकारले अर्ज. शुद्ध मराठीमा. मी कसम खायेल शे, ती मोडावं नही. हद्द सरकनी ते सवालच मिटी गया.”

“आणि ते नाही म्हणाले तर?” आफताबने विचारलं.

“ते मी बी नही म्हनसू. पण जवाब येस तवलगून मी ना कसं म्हनू?”

जन्नतबीने आता पाण्यावरची नजर काढली. “जवाब किती दिनमा येस, उमाकांत?”

“फुफी, या तराफाना परवानाना अर्ज करीसन माले सहा वरीस व्हयनात.”

सलाउद्दीनने मान डोलावली, गंभीरपणे, वजन पटल्यासारखी. “मंग ईदनंतरनी तारीख धरा. लिख रे.”

आफताबने हात धुतले आणि लिहिलं :

‘मा. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, आज रोजी दुपारी आम्ही जेवत असताना राज्य संपले. यात अर्जदारांचा कोणताही दोष नाही. तरी आज दुपारी एक ते दोन या वेळेपुरती राज्याची हद्द साठ मीटर पश्चिमेस सरकविण्यात यावी, व तसे अर्जदारास सवडीने, शक्य तितक्या सवडीने, लेखी कळविण्याची कृपा व्हावी, ही विनंती.’