डाळजच्या माळाला एक स्टार

राजमहंमदच्या हाताखालून तीस वर्षं डाळिंब गेलं. इंदापूरच्या बाजारात त्याच्या निवडीवर बोट ठेवायची कुणाची टाप नव्हती. एक नंबरचा माल दिल्लीला, दोन नंबर पुण्याला, तीन हातगाडीवर, चार पडेल त्या भावाला आणि पाच नंबर म्हणजे तडकलेलं, डागाळलेलं फळ, ते ज्यूसवाल्याच्या पोत्यात. माणसांनाही तो असेच नंबर लावायचा. स्वतःच्या पोराला तर त्यानं कैक वर्षं तीनच्या वर सरकू दिलं नव्हतं.

पोरगा वाजिद पुण्यात कॉलेजला गेला आणि डिस्क गोल्फ नावाचा खेळ शिकून आला. डाळजला घरचा मुरमाड माळ होता, कुसळाशिवाय काही न उगवणारा. तिथं त्यानं नऊ लोखंडी खांब रोवले, प्रत्येकाला एक टोपली आणि टोपलीवर म्हशीच्या दाव्याच्या साखळ्या. लांबून प्लास्टिकची तबकडी फेकायची, ती साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली पाहिजे. कमीत कमी फेकीत नऊ टोपल्या करील तो जिंकला. "येवढं शिकून ताटं फेकतोय," राजमहंमद चारचौघांत म्हणायचा. पण सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या गाड्या माळावर लागायला लागल्या, आणि बापाचं तोंड हळूहळू मिटलं.

ते मैदान सात महिने चाललं. मग गाड्या एकदम आटल्या. वाजिद बारामतीच्या एमआयडीसीत कामाला लागला आणि एका संध्याकाळी घरी येताना उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल गेली. ट्रॉलीच्या मागं साधं लाल फडकं नव्हतं. वाजिदला जाऊन आता अकरा महिने झाले होते.

कन्हेरीचा अविराज माळ मागायला आला. ठिबक टाकून कलिंगड करणार होता. "चाचा, खांब तेवढं काढून द्या. शुक्रवारी सांगा," म्हणाला. वाईट काही बोलला नाही बिचारा. पण राजमहंमद माळावर जाऊन एकेक खांब हलवून आला. पोराचं म्हणून जगात राहिलेलं ते एवढंच होतं, तेही उपटायचं?

दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं धाकट्या लेकीला, मुबशिराला हाक मारली. ती बारामतीला बी.एस्सी.ला होती.

"लोकं त्या मैदानाबद्दल फोनवर लिवतात म्हनं. वाच बरं समदं. खोट कुठं हाय ते कळलं, की निस्तरता येतंय. मैदान मी चालवीन."

मुबशिरानं आईकडं पाहिलं. करिमा भांडी विसळत होती, तिनं मान वर केली नाही.

"वाच की!"

मुबशिरा वाचायला लागली. "सहाव्या टोपलीसमोर म्हैस बसते. ती उठत नाही, तिला वळसा घालून तबकडी टाकावी लागते. म्हैस नियमात आहे का ते कळलं नाही. चार स्टार."

"चार? म्हशीपायी?" राजमहंमद कातावला. "बरं, बांधू तिला दुसरीकडं. म्होरं."

"चौथ्या टोपलीजवळ माझी तबकडी बाभळीत अडकली. मालकाच्या वडिलांनी काठीनं काढून दिली, अडाणी म्हणून रागावले आणि वर दोन डाळिंबं दिली. तबकडी हरवायला मी परत येणार. पाच स्टार."

राजमहंमदचा चेहरा पडला. तो पोरगा त्याला आठवत होता, चष्मेवाला. डाळिंबं एक नंबरची दिली होती, निवडून. "पाच नंबर लावला व्हय त्यानं? जाताना हात मिळवून गेला की गं. शहरातल्या मान्साचा काय भरोसा." मग जरा सावरून म्हणाला, "आपली मान्सं बघ. सुप्याच्या लग्नातली. त्यांनी एक नंबर दिलाय समद्यांनी."

ते त्याला चांगलंच ठाऊक होतं, कारण तो उद्योग त्याचाच होता. सुप्याला करिमाच्या भाच्याचं लग्न होतं. जेवणावळ उठल्यावर राजमहंमदनं मांडवात खुर्ची टाकली आणि एकेकाला बोलावून फोन मागून घेतला. पाच चांदण्यांतल्या पहिल्या चांदणीवर स्वतःच्या अंगठ्यानं दाबलं आणि फोन तोंडापुढं धरला, बोला आता, फोन लिवून घेतो. शिकलेली दोनचार पोरं घुटमळली. पण राजमहंमदला, सगळ्यांच्या राजूभाईला, नंबर शिकवणार कोण? अशी, स्वतःला धरून, एक्केचाळीस माणसं झाली.

मुबशिरा खाली मान घालून वाचत होती. "मैदान मोकळं आहे, वारा चांगला आहे. मटण मिळत नाही. एक स्टार. हे सुप्याचे मामू. अनिसाखाला लिहिते, टोपल्या मजबूत आहेत, कोंबड्या ठेवल्या तर मांजर शिरणार नाही. एक स्टार. रामहरीकाका म्हणतात, मी अजून गेलेलो नाही, पण राजूभाईंनी सांगितलं आहे म्हणून चांगलंच असणार. एक स्टार."

राजमहंमद हसला. घरात कित्येक महिन्यांत कुणी हसलं नव्हतं. "रामहरी इमानदार मानूस! मग येवढ्या लोकांनी एक नंबर देऊन गिऱ्हाईक तुटलं कसं?"

मुबशिरानं फोन मांडीवर उलटा ठेवला. शेवटी करिमा हात पुसत आत आली.

"सांग त्यांना. किती दिस झाकायचं?"

"अब्बा, तितं उलटं असतंय," मुबशिरा म्हणाली. "पाच म्हंजे सगळ्यात भारी. एक म्हंजे टाकाऊ. त्या लग्नानंतर मैदान दीडवर आलं. दीड बघितलं की पुण्याची लोकं म्होरं वाचतच न्हाईत."

राजमहंमदनं आपल्या अंगठ्याकडं बघितलं.

"वाजिदला ठावं हुतं?"

"त्याच सांजंला," करिमा म्हणाली. "मी म्हटलं सांग बापाला, एकेकाला बदलायला लाव. तर म्हनला, न्हाय अम्मी. भरल्या मांडवात अब्बा पहिल्यांदा म्हनलं, ह्यो माझा पोरगा. आता समद्यांम्होरं त्यांची मान खाली घालू का? मैदान काय, पुन्हा बशीवता यील."

ते बसलंच नाही. बाप तेव्हा पोराला म्हणाला होता, बघ, मी एवढं केलं तरी तुझं चाललं नाही. ते आठवलं आणि राजमहंमद मोठ्यानं रडला. दफनाच्या दिवशीही तो असा रडला नव्हता. कुणी त्याला गप्प केलं नाही.

मग त्यानं विचारलं, "माझं लिवलेलं हाय का त्यात?"

होतं. मुबशिरानं वाचलं, "हे मैदान माझ्या पोरानं केलंय. मी आधी हसलो होतो. असा माल जिल्ह्यात दुसरा नाही. एक स्टार." त्याखाली वाजिदचं उत्तर होतं. "अब्बा, तुमच्या हातून एक नंबर मिळाला. आता बाकीचे काही का म्हणेनात."

शुक्रवारी राजमहंमदनं अविराजला नकार कळवला आणि फोन घेऊन बसला. एक्केचाळीस माणसांत तो स्वतः एक, राहिले चाळीस. एकेकाला त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "मी चुकलो. तितं पाच भारी असतंय. माझ्यामुळं पोराचं मैदान बुडालं, तेवढं पाच करा." मामूंना हसू आवरेना, मग एकाएकी तेच हुंदके द्यायला लागले. रामहरीला चारदा समजवावं लागलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालात खोट काढलेल्या माणसाला हे सोपं नव्हतं, पण त्यानं एकही फोन टाळला नाही.

दिवाळीनंतर माळावर पुण्याची गाडी आली. राजमहंमद म्हैस हाकून सावलीत बसला होता. त्यातली एक मुलगी फोन बघत त्याच्याजवळ आली.

"आजोबा, सगळे चार-पाच देतात इथं. हा एकच माणूस बघा. इतकं चांगलं लिहिलंय आणि एक स्टार दिलाय. कोण आहे हा?"

तो एक बदलून टाकू का, असं मुबशिरानं दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा त्यानं तिचा हात धरला होता. वरचा आकडा बदलला तर खालचं पोराचं उत्तर कशाला आहे तेच कुणाला कळलं नसतं.

"त्यो व्हय," राजमहंमद म्हणाला. "बाप हाय मालकाचा. अडानी हाय, पन मनापासनं दिलाय."

मुलगी हसली आणि तबकडी घेऊन पहिल्या खांबाकडं गेली.