तुटक्या मानेचा बाळयेशू

"मानेला धरू नकोस गं, बुडाला धर." डीलियाच्या आईचं हे सांगणं अजून माझ्या कानात आहे.

मित्रांनो, मी बाळयेशूची एक जुनी मूर्ती आहे. अंगावर लाल झगा, आतून नुसतं प्लास्टर. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मला कुंपणाच्या झुडपाखाली ठेवलं की दुसऱ्या दिवशी पाऊस पडत नाही, अशी आमच्या आयर्लंडातल्या गॉलवेकडे श्रद्धा. कितीतरी नवऱ्या माझ्या भरवशावर कोरड्या चर्चला पोचल्या. माझं डोकं आपसूक तुटलं तर फारच शुभ. कुणी मुद्दाम तोडलं तर मात्र ते संसाराला बाधतं.

डीलियाच्या लग्नाआधी तिची मैत्रीण विनी मला बाहेर नेत होती. फाटकाशी शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि माझं डोकं गडगडत गवतात गेलं.

"नशीब काढलंस, डीले," विनी बसल्या जागी हसली. "आता नवरा तुझ्या शब्दाबाहेर जायचा नाही."

"तुझ्या लेकीच्या लग्नाला याला मी स्वतः तुझ्या कुंपणाखाली ठेवीन," डीलियाने शब्द दिला.

"आधी मला नवरा तर मिळू दे, बाई."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. पण वर्षाच्या आत डीलियाचा नवरा मासेमारीला गेला तो परतलाच नाही. दुःखाने ती सैरभैर झाली.

"तू मुद्दाम पाडलंस," ती विनीला म्हणाली.

"मुद्दाम पाडायचं असतं, तर तुझ्या टाळक्यात पाडलं असतं."

ते शेवटचं बोलणं. पुढे दोघी चर्चमध्ये एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत. मी सारं पाहिलं होतं, पण सांगणार कशी? माझं डोकं चिकटवून मला खिडकीत ठेवलं, ती मी तिथंच धूळ खात राहिले.

गेल्या हिवाळ्यात विनी वारली. आज तिची मुलगी ब्रीज दारात आली.

"उद्या माझं लग्न आहे, मावशी. बाळयेशू मागायला नाही आले. आईचा पाय खरंच घसरला होता, एवढंच सांगायचं होतं. घोटा इतका सुजला की तुमच्या लग्नात तिला नाचता आलं नाही."

"मला वाटलं, जळली माझ्यावर," डीलिया हळूच म्हणाली.

मित्रांनो, माझी मान सांधता आली. तुम्ही मात्र माणूस समोर आहे तोवरच त्याला नीट विचारून घ्या.

ब्रीज गेल्यावर डीलियाने माझी धूळ पुसली, स्वतःच्या डोक्याला रुमाल बांधला, मला कोटाखाली घेतलं आणि विनीच्या घराच्या वाटेला लागली.