कैलासवासी संस्थापक

आमच्या ‘दैनिक कामकरी’चा इतिहास दर वर्धापनदिनाला नव्याने लिहिला जातो आणि दर वेळी त्यातून एखादा माणूस गळतो. मी उपसंपादक म्हणून लागले तेव्हा संस्थापक चौघे होते. गेल्या वर्षी एकटे उरले, आमचे मालक अभयसर यांचे वडील, कै. बाबुराव. लग्नपत्रिका छापणाऱ्या या गृहस्थांनी गिरणी संपात आपलं मशीन वापरू दिलं, हे खरंच. पण पेपर लिहायचे गुणाजी कासारे, काळाचौकीच्या चाळीत राहणारे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे. गेटवर ऐकलेली बातमी आणखी दोघांना विचारल्याशिवाय छापायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. आता आमच्याकडे बातमी व्हॉट्सॲपवर येते आणि शुद्धलेखनाच्या चुकांसकट छापली जाते.

गुणाजी अजून आहेत. अंथरुणाला खिळलेत, डोळे गेलेत, कान मात्र शाबूत आहेत. त्यांची बायको शेवंतीबाई त्यांना रोज आमचा पेपर वाचून दाखवते. त्यात वाचण्यासारखं काय असतं, ते तिलाच ठाऊक. यंदा ती ऑफिसात आली.

“पोरी, या टायमाला तरी त्यांचं नाव टाक गं,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी ऐकायला असतील, नसतील.”

इतिहास यंदा माझ्याच गळ्यात पडला होता. मी बाबुरावांशेजारी गुणाजींचं नाव लिहून मजकूर सरांपुढे ठेवला.

“कासारे?” सरांनी नाक मुरडलं. “हे कोण आता? आपल्या आजच्या वाचकाला कनेक्ट होणार का?”

“सर, पेपर त्यांनी काढलाय.”

“अगं, तेव्हा काय, कोणीही काहीही काढायचं. बरं, टाक. पण बाबांच्या खाली, बारीक अक्षरात.”

एवढ्यावर मी खूश झाले. या ऑफिसात राहिलं की माणूस इतक्या थोडक्यात खूश व्हायला शिकतो.

वर्धापनदिनाचा अंक घेऊन मी स्वतः काळाचौकीला गेले. पहिलं पान अख्खं बिल्डरच्या जाहिरातीचं. गुणाजींच्या गिरणीच्या जागेवर टॉवर, त्यात समुद्र दिसणारी घरं. शेवंतीबाईने ते पान घाईघाईत उलटलं, चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, “संस्थापक, कै. बाबुराव,” आणि खालच्या बारीक अक्षरातलं, “कै. गुणाजी...”

ती थांबली. मी पेपर तिच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच.

पानं लावणाऱ्या आमच्या विकासची एक पद्धत आहे. जुना माणूस, फोटो मिळत नाही, फोन लागत नाही, म्हणजे तो मेला. कै. लावायचं आणि चहाला जायचं. इथे माणूस जिवंत, समोर उशीला टेकून बसलेला. आणि गुणाजी बौद्ध; बौद्धाच्या घरी कसला आलाय कैलासवासी? माणूस गेल्यावरही तिथे कालकथित म्हणतात. गिरणगावाचा पेपर म्हणून मिरवणाऱ्या आमच्या ऑफिसात एवढंही कोणाला माहीत नव्हतं.

मी तिथूनच सरांना फोन लावला आणि मुद्दाम स्पीकरवर ठेवला.

“अगं, दिलगिरी कुठे छापणार? उद्याही पहिल्या पानावर जाहिरातच आहे,” सर म्हणाले. “आणि ते आजारी आहेत ना? मग राहू दे. थोड्या दिवसांनी बरोबरच ठरेल.”

मी फोन कापला. शेवंतीबाईने तोंडाला पदर लावला होता. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त संताप आला.

गुणाजी मात्र हसले, खोकल्याची उबळ येईपर्यंत हसले. “मेलो तर मेलो. पण मला कैलासात कोणी धाडला? तिथे माझ्या ओळखीचं कोण आहे?”

“काका, मी दुरुस्ती छापूनच घेते. नोकरी गेली तरी चालेल.”

“घे तर लिहून. शेवंता, आधी ते पहिलं पान वाच. तू मघाशी गाळलंस ते.”

शेवंतीबाईने वाचलं. टॉवरचं नाव, पोहण्याचा तलाव, गच्चीवरची बाग, समुद्र, सगळं. ते न हलता ऐकत होते.

“लिही,” ते मला म्हणाले. “कालच्या अंकात दोन चुका झाल्या. गुणाजी कासारे वारले, ही एक. ती राहिली तरी चालेल.” त्यांनी दम घेतला. “हा पेपर त्यांनी काढला, ही दुसरी. ती तेवढी दुरुस्त करा.”